वरातीची घोडी आणि महिन्याभराचं शिंगरू गायरानात सोडलेलं: माणसाला जवळ येऊ देत नाही, सुरुवात कुठून करावी?

माणदेशी_माळ

माण तालुक्यात आमच्या गावाबाहेरच्या गायरानात आषाढापासून एक घोडी मोकळी फिरतेय. शिंगरू तिथेच झालेलं असावं. मालकाचा पत्ता नाही. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने व्रण, नाकाच्या हाडावर केस गेलेला पट्टा, म्हणजे वरातीची असणार. चातुर्मासात धंदा बंद, म्हणून चारा वाचवायला सोडून दिली असा सगळ्यांचा अंदाज.

घोडी: बरगड्या लांबून मोजता येतात, पाठीचा कणा वर आलाय, पुठ्ठ्याची हाडं टोकदार दिसतात. २५-३० फुटांवर माणूस आला की कान मागे पाडते, शिंगराला पलीकडे घेते. एका पोराने दोर टाकला तेव्हा दुगाणी झाडली. कडबा टाकला तर चावते, पण अर्धवट चावलेले बोळे खाली पडलेले दिसतात. खूर वाढून पुढे आलेत.

शिंगरू: नर, जांभई देताना वर-खाली दोन-दोनच दात दिसतात. शेपटीखाली लीद चिकटून वाळलेली, पातळ होत असावी. अंगावर माशा, कानात गोचीड.

आमच्याकडे शेतात ६० बाय ५० फुटांची मोकळी जागा, १४ बाय १२ ची पत्र्याची शेड, बोअरचं पाणी आहे. शेजाऱ्याकडे लसूणघास आहे. आम्ही दोघं जण आहोत. गावातले डॉक्टर गाई-म्हशींचेच.

प्रश्न असे: आधी पकडायचं की आधी खायला घालायचं? चंदी (धान्याचा खुराक) किती द्यावी? शिंगराला वरून दूध पाजावं का? आणि गावात सगळे म्हणतात की शिंगरू बांधून ठेवा, घोडी आपोआप मागे येईल. हे बरोबर आहे का?

---

डॉ_आडवाट

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात नाही. कधी दोर न पाहिलेलं शिंगरू बांधलं की मागे झोकून देतं, उलटं पडतं, मानेच्या मणक्याला इजा होते. आणि ते ओरडलं की घोडी येईल हे खरं, पण येईल ती तुमच्या अंगावर.

पहिले दोन दिवस लांबूनच बघा, जमल्यास दुर्बीण घ्या. लांबून बरंच कळतं. घोडी शांत उभी असताना कुशीची हालचाल मोजा: मिनिटाला ८ ते १६ श्वास ठीक, शिंगराचे २० ते ४०. शिंगरू तासाला किती वेळा पितं ते लिहून ठेवा. या वयाचं शिंगरू तासाला साधारण ३ वेळा, मिनिटभर पिऊन बाजूला होतं. सारखं कासेला ढुशा देत असेल, सड सोडतच नसेल, तर दूध कमी आहे. उलट शिंगराच्या कपाळावर दूध वाळलेलं आणि घोडीची कास तट्ट दिसली तर दूध आहे पण शिंगरू पीत नाही. ते जास्त गंभीर, त्याच दिवशी डॉक्टर लागेल.

दातांवरून वय: मधले दात पहिल्या आठवड्यात येतात, त्यांच्या शेजारचे सहाव्या ते आठव्या आठवड्यात. म्हणजे हे शिंगरू दोन महिन्यांच्या आतलं. व्याल्यानंतर घोडी आठवड्या-दीड आठवड्याने माजावर येते, त्या सुमारास शिंगराला होणारी हगवण आपोआप थांबते. तुमचं शिंगरू त्या वयाच्या पुढे असेल तर ही ती हगवण नव्हे. दुधातून आलेले जंत, विषाणू किंवा माती खाणं, यांतलं काहीतरी असेल. शिंगराने आईची लीद खाल्ली तर घाबरू नका, ते नैसर्गिक आहे. तापमान मोजता येईल तेव्हा गुदद्वारात मोजा: घोडीचं ३७.२ ते ३८.३, शिंगराचं ३८.९ पर्यंत चालतं. ३९ च्या पुढे गेलं किंवा पिणं थांबलं, तर हगवण बरी व्हायची वाट बघत बसू नका.

ते चावलेले बोळे महत्त्वाचे. याचा अर्थ तोंडात दुखतंय. वरातीच्या घोड्यांना काटेरी लगाम अजून सर्रास घालतात. जीभ चिरलेली, हिरडीचं हाड उघडं पडलेलं, दाढांच्या कडा धारदार, यांतलं काहीही असेल. तोंड तपासेपर्यंत अख्खा कडबा बंद. लसूणघास आणि भिजवलेली कुट्टी. दाढा घासायचं काम तीन-चार आठवड्यांनी, अंगात जरा ताकद आल्यावर. उपाशी घोडीला भूल देणं जोखमीचं असतं.

रक्त एकदाच काढायला मिळेल असं धरून त्यातच सगळं तपासून घ्या: ग्लँडर्स, सर्रा, गोचिडांपासून होणारा थायलेरिया-बबेसिया, शिवाय फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम. ग्लँडर्स माणसाला होतो आणि त्याची माहिती सरकारला देणं कायद्याने बंधनकारक आहे. २००६ साली महाराष्ट्रातही त्याची साथ आली होती. नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत पाठवतात. हिस्सारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही त्यातली मुख्य प्रयोगशाळा. रिपोर्ट येईपर्यंत हातमोजे, मास्क, वेगळी बादली, आणि गावातल्या दुसऱ्या कुठल्याही घोड्या-गाढवाशी संपर्क नको. नाकातून चिकट पिवळा स्राव किंवा पायावर ओळीने गाठी दिसल्या तर हात लावायच्या आधीच कळवा. सर्रा गोमाश्यांमुळे पसरतो आणि पावसाळा ओसरताना जास्त दिसतो, म्हणजे आत्ताच. अधूनमधून ताप, पोटाखाली आणि पायावर सूज, खाऊनही खंगत जाणं.

आता गाईंच्या डॉक्टरांसाठी निरोप. ते हुशार असतात, पण घोडा म्हणजे बिनशिंगाची गाय नव्हे. गोचिडांसाठी गाईवर मारतात ते अमिट्राझ घोड्याला लावायचं नाही. आतडी थांबतात, पोटशूळ उठतो. जंतांचं आयव्हरमेक्टिन सुईने नाही, तोंडावाटेच, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. आणि तेही पहिल्या दिवशी नाही, खाणं सुरळीत होऊन १०-१५ दिवस झाल्यावर. शिंगराला जंतांचं औषध दोन महिन्यांनंतर, फेनबेंडाझोल किलोमागे १० मिलिग्रॅम. पोट जंतांनी भरलेलं असताना जंतांना एकदम लुळं पाडणारं औषध दिलं तर मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकतो आणि शिंगरू जातं. डोस नजरेच्या अंदाजाने नको, भुसार दुकानातल्या काट्यावर एकाने शिंगरू धरून उभं राहायचं, मग स्वतःचं वजन वजा.

धनुर्वात घोड्याइतका लवकर दुसऱ्या कुठल्या जनावराला होत नाही. घोडीला टॉक्सॉइड लसीचे दोन डोस, ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने. शिंगराला ३-४ महिन्यांचं झाल्यावर, पण मधे जखम झाली तर लगेच डॉक्टरांना विचारून अँटिटॉक्सिन. आणि रेबीजची लस विसरू नका, गायरानात कुत्री असतातच.

---

कडबाकुट्टी

चाऱ्याचं मी लिहितो, कारण अशा प्रसंगात जनावर उपासमारीने कमी आणि प्रेमाने जास्त मरतं. गावातून कोणी भाकरी-गूळ आणतं, कोणी पाटीभर हरभरा. दोन दिवस घोडी छान खाते. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी थरथर, श्वास जड, पायांवर सूज, आणि आडवी होते. कारण असं: उपाशी शरीरात फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियमचा साठा संपत आलेला असतो. एकदम पिठूळ किंवा गोड खाणं पडलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातले उरलेसुरले क्षार पेशींमध्ये ओढले जातात. हृदय आणि श्वासाचे स्नायू दगा देतात. लसूणघासात पिष्ट कमी, प्रथिनं जास्त आणि हेच क्षार असतात, म्हणून सुरुवात त्याने.

तुमची घोडी गायरानात थोडंफार चरतेय म्हणजे पोट अगदी रिकामं नाही. धोका कमी आहे, पण आहे.

वजन कळल्याशिवाय हिशोब नाही. जवळ येऊ देईल तेव्हा सुतळीने छातीचा घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. घेर १४५ आणि लांबी १४० असेल तर साधारण २४८ किलो. तोवर २५० धरून चाला.

पहिले ३ दिवस: वाळलेला लसूणघास ३०० ग्रॅम, दर ४ तासांनी, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला ६ वेळा. हिरवा असेल तर दर वेळी १.३ ते १.५ किलो, आणि कापून चार-पाच तास सुकवून, ओला-गरम ढिगारा नको.
चौथा-पाचवा दिवस: ५०० ते ६०० ग्रॅम, ५ वेळा.
सहाव्यापासून: १.२ किलो, ३ वेळा.
दहाव्यापासून: खाईल तेवढं. निम्मा लसूणघास, निम्मं वाळलेलं मारवेल किंवा पवना गवत, मिळून ७-८ किलो कोरडं. दूध देणारी घोडी आहे, तिला साध्या घोडीपेक्षा जास्तच लागतं.

चंदी पंधरा दिवस विसरा. नंतर भरडलेलं जव किंवा ओट २०० ग्रॅम, दोन वेळा, त्यात ४-६ तास भिजवलेला हरभरा मूठभर. दर तीन दिवसांनी १०० ग्रॅम वाढवत दिवसाला दीड किलोपर्यंत, तीन वेळांत विभागून. शक्ती वाढवायची तर धान्यापेक्षा तेल बरं: सोयाबीन किंवा शेंगदाणा तेल दिवसाला ५० मिलि, तीन आठवड्यांत २०० पर्यंत. बरगड्या झाकायला तीन ते पाच महिने लागतात. दिवाळीपर्यंत फोटो काढण्यासारखी होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

पाणी: आत आल्यावर पहिल्या वेळी ४-५ लिटर, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा, तिचं मन भरेपर्यंत. मग कायम समोर. दिवसाला ४०-५० लिटर लागेल. हौद उथळ ठेवा, खोल टाकीत शिंगरू पडतं.

न घालण्याच्या वस्तू. उसाचं वाढं: तुमच्या भागात फुकट मिळतं म्हणून सगळे हेच घालतात. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, वरून गव्हाचा कोंडा घातला की फॉस्फरस वाढतो, मग हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं आणि चेहऱ्याची हाडं सुजतात. दूध देणाऱ्या घोडीत हे लवकर होतं. संकरित नेपियरचं तेच. सरकी पेंड नको, शिंगराला त्यातलं गॉसिपॉल बाधतं. कोंबडीखाद्य तर चुकूनही नको, त्यात मोनेन्सिन हे औषध असलं तर घोडा मरतो. कोवळी ज्वारी नको. पावसात भिजून काळा पडलेला कडबा किंवा बुरशी आलेला मका नको, गाईला चालला तरी.

शिंगराचं दूध: घोडी पाजत असेल आणि शिंगरू पिऊन शांत झोपत असेल तर वरून काही नको. घोडीचं पोट भरलं की दूध वाढतं, तोच स्वस्त आणि बरा मार्ग. वरून द्यावंच लागलं तर म्हशीचं नाही, फार स्निग्ध. घोडीचं दूध पातळ आणि गोड असतं. निम्मी साय काढलेलं गाईचं दूध, लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज, साखर नाही. बाटलीने नको, तोंड वर केलं की दूध फुप्फुसात जातं. छातीच्या उंचीला बादली धरून, बोट चोखायला देत प्यायला शिकवायचं. ते दोन दिवसांत शिकतं.

---

तोबरा

डॉक्टरांनी आणि कडबाकुट्टींनी पोटाचं सांगितलं, मी डोक्याचं सांगतो. आधी पकडायचं की आधी खायला, असा तुमचा प्रश्न. आधी जागा.

६० बाय ५० पुरे. कुंपण ५ फुटी, बांबू किंवा वाशांचं. काटेरी तार असेल तर काढा, लोंबती तारही काढा. बांबूला जमिनीपर्यंत गोणपाट बांधून घ्या. घोडा दिसणाऱ्या भिंतीला मान देतो, तारेला देत नाही, आणि झोपलेलं शिंगरू खालून घरंगळून बाहेर जात नाही. फाटक १० फुटी. फाटकापासून गायरानाकडे दोन्ही बाजूंनी गोणपाटाची उघडी चिमट्यासारखी वाट करा, तोंडाशी ३०-४० फूट रुंद. मग लसूणघासाची पेंढी रोज त्याच वेळी, रोज दहा-बारा फूट आत. हाकायचं नाही. ती स्वतः आत जाते, शिंगरू मागे येतं. पहिल्यांदा आत आली की फाटक लावायचा मोह होईल, लावू नका. दोन-चार वेळा खाऊन बाहेर जाऊ दे. ज्या दिवशी आत आल्यावर मान खाली घालून, पाठ फाटकाकडे करून खाईल त्या दिवशी लावा, तेही सावकाश. घाईत लावलेलं फाटक घोडी अंगावर घेते. शेजारी कुणाची शांत घोडी बांधता आली तर काम निम्मं होतं, पण ग्लँडर्सचा रिपोर्ट येईपर्यंत तो मार्ग बंदच.

आत आल्यावर पहिले तीन दिवस फक्त चारा, पाणी, लीद उचलणं. एकच माणूस, एकच वेळ, शक्यतो तेच कपडे, आणि सतत हळू आवाजात बोलणं, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते तिला न बघता कळतं. डोळ्यांत बघायचं नाही. सरळ चालत जायचं नाही, तिरकं, खांद्याच्या दिशेने. आणि घोडी-शिंगराच्या मधे कधीही उभं राहायचं नाही. हा एक नियम मोडला तर बाकी सगळे पाळून उपयोग नाही.

मग घमेल्यात थोडा लसूणघास घेऊन तिच्यापासून २० फुटांवर पालथ्या बादलीवर बसा, तिच्याकडे खांदा करून. ती मान वर करून ताठ झाली तर तुम्ही जास्त जवळ आहात. थांबा. उठून पळू नका, पुढेही सरकू नका. तिचा एक कान तुमच्याकडे वळला, तिने ओठ चाटले किंवा मान खाली घेतली, की त्याच क्षणी तुम्ही एक पाऊल मागे. लोक इथेच चुकतात: घोडी सैल झाली की वाटतं आता जवळ जाऊ. नाही. ती सैल झाली की तुम्ही मागे जायचं, तेच तिचं बक्षीस. असं १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. तासभर बसून काही जास्त मिळत नाही, उलट शेवटी काहीतरी बिनसतं आणि तेच तिच्या लक्षात राहतं.

पहिला स्पर्श हाताने नाही. ५-६ फुटांची हलकी काठी, टोकाला सुती फडकं गुंडाळलेली. खांद्याला टेकवायची, ती थांबली की काढायची. नंतर आयाळ संपते तिथे, मानेच्या बुडाशी, खाजवायचं. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात हे मोजून पाहिलेलं आहे. वरचा ओठ लांब करून थरथरवायला लागली की जागा बरोबर सापडली. मग काठी आखूड करत हातावर या. थोपटू नका, चापट मारल्यासारखं वाटतं. खाजवा.

तोंड, कान, कपाळ शेवटी. वरातीच्या घोडीला कान पिळून धरलेलं असतं, कलगी बांधताना डोकं आवळलेलं असतं, तोंडात काटे. तिच्या लेखी माणसाचा हात चेहऱ्याकडे आला म्हणजे दुखणार. म्होरकी आधी चाऱ्याच्या घमेल्याच्या काठावर उघडी ठेवा, तिने स्वतः नाक आत घालून खावं. दोन इंच रुंद सुती पट्टीची, नाकावरच्या व्रणाच्या खाली-वर सरकणारी नको. खायला नाक आत घालते ते सहज झालं की मगच कानामागची पट्टी, आणि कानावरून ओढून नाही, बाजूने बांधून. पहिल्या काही दिवसांत घातली की काढायची. मोकळ्या घोडीच्या तोंडावर म्होरकी आणि लोंबता दोर ठेवून रात्री जाऊ नका, शिंगराचा पाय त्यात अडकतो.

अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी जखडून, "एकदाच जेरीस आणू" असं सांगणारा कोणीतरी जुना जाणकार गावात भेटेलच. त्याने घोडी उभी राहते, पण विश्वासाने नाही, आणि दोर सुटला की पहिल्यापेक्षा लांब पळते.

---

माणदेशी_माळ

सगळ्यांचे खूप आभार. घोडी आता कुंपणात आहे, ठरल्याप्रमाणे खातेय. शिंगरू मात्र स्वतःहून जवळ येतं, शर्ट ओढतं, बादलीत तोंड घालतं. घोडी बघत राहते, पण अजून स्वतः हात लावू देत नाही. शिंगराला आत्ताच म्होरकी घालून सवय लावावी का? लहान आहे तोवर सोपं जाईल असं वाटतं.

---

तोबरा

थांबा. शिंगरू आईकडे बघून शिकतं. आई तुमच्याकडे बघून ताठ होत असताना तुम्ही शिंगराला धरलंत तर दोघांचंही नुकसान: शिंगरू घाबरायला शिकतं आणि आईचं आत्तापर्यंतचं सगळं काम वाया. जवळ आलं तर छातीला किंवा पुठ्ठ्यावर खाजवा आणि तुम्हीच आधी बाजूला व्हा. शर्ट ओढू देऊ नका, बोट चोखायला देऊ नका. आज गंमत वाटते, वर्षभराने तोच घोडा चावरा म्हणून विकायला निघतो.

---

डॉ_आडवाट

तत्त्व मान्य, पण या शिंगराच्या शेपटीखाली वाळलेली लीद आहे आणि कानात गोचीड आहे. आईने परवानगी देईपर्यंत थांबायला आपल्याकडे वेळ नसू शकतो. धुळीच्या जागेत शिंगराला फुप्फुसाचा संसर्गही होतो, त्यात पहिले काही दिवस नुसता ताप असतो, खोकला नंतर येतो. ताप मोजायला तरी धरावंच लागेल.

धरायची पद्धत: घोडी चाऱ्यात गुंतलेली असताना, शिंगरू तिच्या तोंडाशी, तिला दिसेल असं. एक हात छातीपुढून, दुसरा शेपटीखालून पुठ्ठ्यामागे, चौकटीत उभं केल्यासारखं. मानेला धरायचं नाही, उचलायचं नाही, दाबायचं नाही. दुसऱ्याने तापमान, कान, शेपटी आटपायची. दोन मिनिटांच्या आत सोडायचं, आणि ते धडपडणं थांबवून क्षणभर शांत झालं की मगच सोडायचं. धडपडताना सोडलं तर धडपडून सुटता येतं हे शिकतं. कानातल्या गोचिडांना चिमटा, औषध नाही. शेपटीखाली कोमट पाण्याने धुवून वर पेट्रोलियम जेलीचा थर, म्हणजे कातडी सोलत नाही. म्होरकी मात्र महिनाभर नको, यात तोबरा बरोबर.

---

तोबरा

औषधापुरतं धरणं वेगळं आणि सवय लावायला धरणं वेगळं, एवढंच म्हणायचं होतं. दोन मिनिटांची पद्धत ठीक. फक्त घोडीच्या मागच्या पायांच्या टप्प्यात उभं राहून करू नका.

---

कोतवाल_चावडी

कागदांचं कोणीच बोललं नाही. तुळशीचं लग्न लागलं, वराती सुरू झाल्या की मालक उगवेल, आणि तेव्हा घोडी चांगली दिसत असेल. त्यामुळे आजपासून पुरावा तयार करा.

१९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करून सरकारी पशुवैद्यक बोलवा आणि प्रकृतीचा लेखी दाखला मागा: शरीराचा गुणांक (हाडांवरच्या मांसाचं १ ते ९ असं मोजमाप असतं), तोंडातल्या जखमा, खूर. चारही बाजूंनी तारखेसह फोटो. ग्रामपंचायतीला लेखी कळवा की अमुक तारखेपासून जनावर आमच्या देखभालीत आहे, मालकाने कागदपत्रांसह यावं. त्याची पोच घ्या. पोलीस ठाण्यात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली तक्रार द्या. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणं त्यात बसतं. काटेरी लगाम १९६५ च्या नियमांनी निषिद्ध आहे, तोंडाच्या जखमांचा उल्लेख त्यासोबत करा. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपयेच आहे, त्यामुळे पोलीस फार उत्साह दाखवणार नाहीत. तरीही तक्रार हवी, कारण दोष सिद्ध झाला तर कलम २९ खाली न्यायालय मालकी काढून घेऊ शकतं, आणि खटला चालू असताना ताबा कुणाकडे हे ठरवताना तुमचे कागद बोलतात. जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीलाही प्रत द्या.

कोणी चिडून जनावरं कोंडवाड्यात घातली तर लिलावाची वाट मोकळी होते. ज्यांच्या पिकात घोडी शिरली असेल त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.

कुठे हलवायचं झालं तर प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला घ्या. टेम्पोत खाली वाळू किंवा गवताचा थर, शिंगरू मोकळं आईजवळ, बांधलेलं नाही, आणि मधली फळी काढलेली.

---

कडबाकुट्टी

एक राहिलं. शिंगरू दोन महिन्यांचं झालं की त्याचा वेगळा कोपरा करा: ४०-४५ सेंटिमीटर रुंदीची फट, शिंगरू जातं, घोडी जात नाही. आत बारीक लसूणघास आणि भरडलेलं जव, मूठभरापासून, हळूहळू त्याच्या वजनाच्या एक टक्क्यापर्यंत. घोडीवरचा भार कमी होतो. घोडी फारच खंगलेली राहिली तर चौथ्या महिन्यात शिंगराला दुधावरून तोडता येतं, नाहीतर पाच-सहा महिने पिऊ दे. आणि डॉक्टरांना सांगून ती पुन्हा गाभण नाही ना तेही बघून घ्या. गायरानात एखादा मोकळा घोडा असेल तर व्याल्यावर दहा दिवसांत लागलेली असू शकते. पोटात एक आणि अंगावर एक असेल तर चाऱ्याचा हिशोब बदलतो.

---

कानस_पक्कड

खुरांचं थोडक्यात. वाढलेला खूर एका दिवसात सरळ करायचा हट्ट नालबंदाला करू देऊ नका. पुढे आलेलं टोक एकदम कापलं की घोट्यामागच्या शिरांवर अचानक ताण येतो आणि उभी राहत होती ती लंगडायला लागते. पहिल्यांदा फक्त टोक आणि फुटलेल्या कडा, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी थोडं थोडं. नाल मारायचा नाही, कुंपणातल्या घोडीला गरजही नाही आणि शिंगराशेजारी तो धोक्याचाच.

पाय उचलायची सवय तोबऱ्यांच्या काठीनेच सुरू करा: खांद्यापासून खाली गुडघ्यापर्यंत, मग घोट्यापर्यंत. वजन दुसऱ्या पायावर गेलं की काठी काढा. पुढचे दोन पाय आधी, मागचे शेवटी. नालबंद येईल त्या दिवशी शिंगरू तिला दिसेल असं, तिच्या डोक्याशी ठेवा.

तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग काळा पडून वास येत असेल तर ओल हे कारण. शेडमध्ये मुरूम टाकून उंच करा, लीद दिवसातून दोनदा काढा, खुराच्या चिरा सळईने कोरून पातळ पोव्हिडोन आयोडीनने धुवा. मोरचुदाची दाट पेस्ट भरू नका, जिवंत कातडी जळते.

शिंगराचे खूर महिना-दीड महिन्याचं झाल्यावर एकदा सपाट जमिनीवर चालताना समोरून आणि मागून बघा. पाय आत किंवा बाहेर वळत असेल तर सुधारणा पहिल्या काही महिन्यांतच होते, हाडाची वाढ थांबली की नाही. सरळ असेल तर फक्त कडा कानशीने गोल करायच्या. सुरी लावायची नाही.